घोंगडी : घ्यावी कशी, पांघरावी कशी

घोंगडी हे नाव ज्याच्या कानावर कधी पडले नाही, असा विद्यार्थी शहापूर व मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत शोधूनही सापडावयाचा नाही. एखादे काम वर्षानुवर्षे रेंगाळले म्हणजे “घोंगडे भिजत पडले” असे आपण सहज म्हणतो. परंतु घोंगडे भिजते म्हणजे नेमके काय होते, ते वाळावयास इतका वेळ का लागतो, ते कोण विणितो, कशाचे विणितो, आणि बाजारात मांडलेल्या दहा घोंगड्यांतून खरी कोणती हे कसे ओळखावे, असे कोणी विचारल्यास आपल्यापैकी कितीजण उत्तर देतील? आजोबांच्या खांद्यावरची वस्तू नातवाला केवळ म्हणीपुरती ठाऊक असावी, ही स्थिती फारशी समाधानाची नव्हे. यास्तव या वस्तूची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, व ती घेण्याचा आणि वापरण्याचा मार्गही सांगावा, असे आम्ही योजिले आहे.

घोंगडी म्हणजे मेंढीच्या लोकरीचे, हातमागावर विणलेले जाड पांघरूण. कोकणात तिला कांबळ किंवा कांबळे असेही म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे ‘जेन’ नावाचे एक लोकरीचे अंथरूण मिळते. पण ते विणलेले नसते, तर लोकर पसरून, तिच्यावर पाणी शिंपडून, तुडवून व लाटून घट्ट केलेले असते. घोंगडीचे तसे नाही. तिला ताणा असतो, बाणा असतो, काठ असतो आणि टोकांना दशा असतात. जिची लोकर यासाठी लागते ती मेंढी दख्खनी जातीची. ही मेंढी बहुधा काळी असते, पावसाच्या तुटवड्याच्या माळरानावर वाढते, आणि तिची लोकर राठ, केसाळ व आखूड असते. परदेशांतील मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीपासून जशी अंगाशी घालण्याची वस्त्रे होतात, तशी हिच्यापासून होत नाहीत. परंतु जो राठपणा सदऱ्याला अवगुण, तोच पावसात उभे राहणाऱ्या माणसाच्या पांघरुणाला गुण ठरतो.

या मेंढ्या पाळणारे ते धनगर, आणि घोंगड्या विणणाऱ्यांत धनगरांबरोबर सनगर समाजाचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. घाटावरचे धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, कोकणपट्टीत हिंडतात आणि पावसाळ्यापूर्वी परत वर जातात. यात केवळ भटकेपणाची आवड नाही. विचारपूर्वक ठरविलेली व्यवस्था आहे. उन्हाळ्यात घाटावर चारा व पाणी सरते, तेव्हा खाली भाताची कापणी झालेली मोकळी खाचरे असतात. शेतकरी रात्रीपुरती मेंढरे आपल्या शेतात बसवून घेतो. लेंड्या व मूत यांनी जमिनीस खत मिळते, आणि धनगरास धान्य किंवा पैसा मिळतो. कोकणातील पावसाचा चिखल मात्र मेंढीच्या खुरांस सोसत नाही, म्हणून मृगापूर्वी कळपाला घाट चढावाच लागतो. माळशेज आणि नाणेघाट हे आपल्या मुरबाड तालुक्यास जुन्नरशी जोडणारे दोन घाट होत. त्यांपैकी नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख दोन हजार वर्षांपूर्वीच्या रहदारीची साक्ष देतो. घाटमाथ्याचा माल आणि आपली गरज यांची गाठ अशा वाटांवर फार पूर्वीच पडलेली आहे.

आता घोंगडी तयार कशी होते ते पाहू. मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारणपणे दोन वेळा कातरतात. एका मेंढीपासून वर्षभरात मिळणारी लोकर अर्ध्या किलोच्या आसपास असते. म्हणजे दोन किलो वजनाच्या एका घोंगडीसाठी चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर खर्ची पडते. कोकराची पहिल्या कातरणीची लोकर फार मऊ असते. तिला जावळ म्हणतात, आणि जावळाच्या घोंगडीचा मान व मोल दोन्ही मोठे असते. कातरलेली लोकर निवडून, तिच्यातील काटे-कुसळे काढून, धनुकलीने पिंजतात. पिंजलेल्या लोकरीचे सूत चरख्यावर काततात, आणि हे काम बहुतेक घरातील स्त्रियांचे असते. नंतर ताणा लांब पसरून त्यास चिंचोक्यांची खळ कुंच्याने लावितात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ सुतास ताठ करते. ती नसती तर केसाळ धागे एकमेकांत अडकून मागावर तुटत राहिले असते. नव्या घोंगडीला जो कडकपणा असतो तो या चिंचोक्यांचा होय. शेवटी विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि खड्ड्याच्या मागावर ती विणितो. विणण्यास एक-दोन दिवस पुरतात. परंतु तितके सूत कातावयास त्याहून कितीतरी अधिक दिवस गेलेले असतात. घोंगडीची किंमत विचारताना हे पडद्याआडचे दिवस ध्यानात धरिले पाहिजेत.

लोकरीच्या ठिकाणी असे काय आहे की जे कापसात नाही? पहिली गोष्ट, मेंढीच्या लोकरीत एक प्रकारचे मेण असते. मेंढीच्या त्वचेतून ते स्रवते, आणि हाताने सिद्ध केलेल्या लोकरीत त्याचा पुष्कळ अंश शिल्लक राहतो. त्यामुळे पावसाचा थेंब घोंगडीवर पडला की तो लगेच आत न जिरता वरच्या केसांवरून ओघळतो. दुसरी गोष्ट, लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ आत शोषून घेतो, तरी हातास ओला लागत नाही. आणि शोषताना तो थोडी उष्णता बाहेर टाकतो. तिसरी गोष्ट, लोकरीचे तंतू कुरळे असल्याने त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते, आणि ही कोंडलेली हवाच थंडीला आडवी येते. सुती चादर भिजली की अंगाला चिकटते आणि ऊब नाहीशी होते. घोंगडी भिजली तरी तिची ऊब पुष्कळशी टिकते. चौथी गोष्ट, लोकर चटकन पेट घेत नाही. ठिणगी पडली तर ती जागच्या जागी करपते. म्हणून शेकोटीशेजारी झोपणाऱ्या मेंढक्याला तिच्यासारखे निर्धोक पांघरूण दुसरे नाही. मात्र पाऊस दिवसभर कोसळला की अखेर पाणी आत शिरतेच, आणि एकदा शिरलेले पाणी त्या जाड विणीतून लवकर बाहेर पडत नाही. भिजलेले घोंगडे दुप्पट जड होते व दिवसचे दिवस ओले राहते. आपल्या वाक्प्रचाराचे मूळ ते हेच.

आपल्या तालुक्यांत वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. ज्या पावसाने तानसा व भातसा ही शहापूर तालुक्यातील धरणे भरतात आणि मुंबईची तहान भागते, त्याच पावसात आपला शेतकरी आवणी करीत उभा असतो. आवणी करणाऱ्या बाया बांबूच्या कामट्यांचे व पळसाच्या पानांचे इरले पाठीवर घेत. वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे राहतात हा त्याचा गुण. नांगर धरणारे आणि गुरे राखणारे पुरुष मात्र घोंगडीची खोळ घेत. घोंगडीच्या एका टोकाचे दोन कोपरे एकत्र आणून बांधले की टोकदार टोपीसारखा आकार होतो. ती टोपी डोक्यावर बसवावी, म्हणजे उरलेली घोंगडी पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत उतरते. पाणी टोकावरून पाठीकडे वाहून जाते, आणि समोरचा भाग हातांसाठी मोकळा राहतो. वारा सुटला तर छत्री उलटते. खोळ उलटत नाही. पावसाळा नसेल तेव्हा हीच घोंगडी चौघडी करून खांद्यावर टाकतात. तीच रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण, दुपारी पाहुण्याची बैठक आणि प्रसंगी धान्य वाळविण्याचा पट होते. गावातील चार माणसे जमिनीवर बसून विचारविनिमय करितात त्या सभेला अजूनही ‘घोंगडी बैठक’ म्हणतात, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

घोंगडी घ्यावयाची तर कोठे घ्यावी? आपल्या भागात या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते : म्हसा. मुरबाड-कर्जत रस्त्यावरील या गावी पौष पौर्णिमेस म्हसोबाची यात्रा भरते, आणि ती बैलबाजाराबद्दल जितकी प्रसिद्ध आहे तितकीच घोंगड्यांबद्दलही आहे. या यात्रेचा काळ मोठ्या सोयीचा आहे. पौष पौर्णिमा जानेवारीच्या सुमारास येते. तेव्हा भात झोडून घरात आलेले असते, हातात थोडा पैसा असतो, थंडी ऐन भरात असते, आणि पावसाळा यावयास पाच महिने असतात. बैल, घोंगडी आणि शेतीची अवजारे यांची खरेदी एकाच फेरीत उरकावी, हा आपल्या शेतकऱ्यांचा जुना हिशेब आहे. यात्रेला जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी पाळण्यांकडे व मिठाईकडे जावे, त्यास आमची हरकत नाही. परंतु घोंगड्यांच्या राशींपाशीही थोडे थांबावे.

तेथे थांबल्यावर पाहावे काय? आजकाल बाजारात घोंगडी म्हणून जे मिळते ते सारेच लोकरीचे नसते. कृत्रिम धाग्याची पांघरुणे काळ्या रंगाची करून विकतात. तसेच जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून काढलेल्या सुताची पांघरुणेही स्वस्तात मिळतात. पानिपत शहर या दुसऱ्या धंद्याचे मोठे केंद्र आहे. गरिबाला स्वस्त ऊब मिळत असेल तर त्या मालास आम्ही नावे ठेवीत नाही. आक्षेप आहे तो त्यास दख्खनी लोकरीची घोंगडी म्हणून विकण्यास.

खरी घोंगडी ओळखण्याच्या काही खुणा अशा. हाताने कातलेले सूत कोठे जाड, कोठे बारीक असते. सर्वत्र एकसारखे सूत दिसले की ते यंत्राचे समजावे. नवी घोंगडी ताठ लागते, तळहाताला टोचते आणि तिला मेंढरांचा मंद वास येतो. हातात घेताच मऊ व बुळबुळीत लागणारी घोंगडी संशयास्पद होय. काळ्या मेंढीचा काळा रंग अगदी काजळासारखा नसतो. त्यात तपकिरी, करडे केस मिसळलेले दिसतात. पांढरे फडके ओले करून तिच्यावर घासावे. फडक्यास काळा डाग लागला तर रंग मेंढीचा नसून डब्यातला आहे. घोंगडी उजेडासमोर धरावी. वीण घट्ट असेल तर उजेड फारसा आरपार येत नाही. शेवटची परीक्षा अग्नीची. विकणाऱ्याच्या अनुमतीने दशांतील एक धागा घेऊन वडील माणसासमक्ष जाळून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, आणि मागे राहिलेली राख चिमटीत चुरडली जाते. कृत्रिम धागा असेल तर तो वितळतो व त्याची कठीण गोळी बनते. एवढे झाल्यावर मापाकडे वळावे. पांघरणाराच्या उंचीहून घोंगडी हात-दीड हात अधिक लांब असावी, म्हणजे खोळ घेता येते. भाव करावा, बाजाराची ती रीतच आहे. परंतु विणकराचा श्रम निम्म्यावर आणणारी घासाघीस करू नये.

घरी आणलेली घोंगडी नीट राखली तर वर्षानुवर्षे टिकते. तिला वारंवार धुऊ नये. धुण्याने मेण जाते आणि मेण गेले की पाणी आत शिरू लागते. धूळ झटकून तिला ऊन दाखवावे, हेच तिचे स्नान. धुणे अगदी भागच पडले तर थंड पाण्यात धुवावी. गरम पाण्यात चोळली असता लोकर आटते. पिळू नये, पसरून वाळवावी. भिजलेली घोंगडी घडी करून कोपऱ्यात टाकू नये. तिचा खरा शत्रू कसर होय. हिचे किडे लोकरच खातात. यासाठी पावसाळा संपताच घोंगडी कडक उन्हात टाकावी, आणि ठेवताना घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा.

येथे एका गोष्टीविषयी सावध करणे अवश्य आहे. घोंगडीवर झोपल्याने संधिवात जातो, कंबरदुखी बरी होते, रक्त शुद्ध होते, असे कित्येक विक्रेते छातीठोकपणे सांगतात. राठ लोकर अंगास टोचते व ऊब देते, आणि दुखऱ्या सांध्याला उबेने थोडा आराम वाटतो, हे खरे; परंतु पांघरूण हे औषध नव्हे. त्याचप्रमाणे घोंगडीवर साप येत नाही ही समजूतही दूरवर पसरली आहे. तिच्यावर विसंबून कोणीही रानात किंवा खळ्यावर निर्धास्त झोपू नये. आपल्या भागात सर्पदंशाचे भय केवळ कल्पनेतले नाही. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास थेट दवाखान्यात न्यावे. सर्पविषावरील लस तेथेच मिळते. घोंगडीचे खरे गुण इतके आहेत की तिला खोट्या गुणांची जोड देण्याचे कारणच नाही.

एवढी गुणाची वस्तू मग मागे का पडत चालली? कारणे अनेक आहेत. पावसासाठी मेणकापड आणि प्लॅस्टिकचे कागद आले; ते हलके, स्वस्त व चटकन वाळणारे असल्याने शेतकऱ्याने त्यांचा स्वीकार केला, यात त्याचा दोष नाही. थंडीसाठी यंत्रावरची पांघरुणे आली. मांसाला भाव चांगला मिळू लागल्याने कित्येक मेंढपाळांनी माडग्याळसारखी अंगाने थोराड पण लोकरीने तोकडी जात पसंत केली. पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीच्या किमतीतून निघत नाही, आणि कातरलेली लोकर वाया जाते. लोकर नाही म्हणून सूत नाही, सूत नाही म्हणून माग रिकामा, आणि माग रिकामा म्हणून विणकराचा मुलगा शहरात मजुरीला. अशी ही साखळी आहे. यातील एकही दुवा दुष्टपणाने तोडलेला नाही. तरी साखळी तुटत आहे.

हे दुःख केवळ आपलेच नव्हे. पॅलेस्टाईनमधील ‘कुफिया’ नावाचा सुती रुमाल आमच्या वाचकांनी वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत पाहिला असेल. पांढऱ्या जमिनीवर काळी जाळी विणलेला हा चौकोनी रुमाल कर्णावर दुमडून तिकोनी करितात व डोक्यास किंवा गळ्याभोवती घेतात. मुळात तो तिकडील शेतकऱ्यांचा व मेंढपाळांचा; ऊन, धूळ आणि थंडी यांपासून रक्षण करणे एवढेच त्याचे काम. शहरातील प्रतिष्ठित मंडळी तेव्हा तांबडी तुर्की टोपी घालीत आणि रुमाल हे खेडवळपणाचे लक्षण मानीत. १९३६ ते १९३९ या काळात तेथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. त्यात लढणारे बहुतेक खेड्यांतले होते आणि रुमालामुळे शहरात चटकन ओळखू येत. तेव्हा १९३८ साली उठावाच्या पुढाऱ्यांनी शहरवासीयांनाही टोपी टाकून रुमाल घेण्याची आज्ञा केली. सर्वांनी रुमाल घेतला आणि खेडवळ कोण, शहरी कोण हा भेदच दिसेनासा झाला. कालचे हिणकस वस्त्र अशा रीतीने एका लोकसमूहाच्या स्वाभिमानाची खूण बनले. परंतु पुढची कथा आपल्या घोंगडीसारखीच आहे. हेब्रॉन शहरात १९६१ साली हिरबावी कुटुंबाने हे रुमाल विणण्याचा कारखाना काढला. १९९० नंतरच्या दशकात परदेशांतून स्वस्त नकला येऊ लागल्या, आणि जगभर रुमालाची कीर्ती वाढत असतानाच त्याचे मूळ माग एकामागून एक थांबू लागले. पुढे अस्सल वस्तूच हवी असे म्हणणारे गिऱ्हाईक देशोदेशी निघाले, तेव्हा तो कारखाना तगला. वस्तूचे कौतुक आणि वस्तूची खरेदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कारागीर जगतो तो दुसरीवर, हा बोध त्यातून घ्यावयाचा.

लोकर आणि माग यांच्या पलीकडे आणखी एक अडचण आहे, आणि ती मनातली आहे. घोंगडी म्हणजे गरिबी, घोंगडी म्हणजे अडाणीपणा, असा समज आपल्या तरुणांत बळावला आहे. सहलीस जाताना परदेशी नावाची चिठ्ठी लावलेले जाकीट मुलगा मिरवितो आणि वडिलांनी दिलेली घोंगडी पिशवीच्या तळाशी दडवितो. अशा विद्यार्थ्यांनी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून ज्यांनी खेड्यापाड्यांतील हजारो मुलांस शाळेची वाट दाखविली, त्या भाऊरावांची मूर्ती महाराष्ट्राला आठवते ती खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी अशीच. त्या घोंगडीने त्यांची योग्यता तिळभर उणी झाली नाही. उलट, दारी आलेला हा माणूस आपल्यातलाच आहे, असा विश्वास रयतेला वाटला. आपल्या संतांनीही गवळणींत गोकुळच्या कृष्णाला घोंगडी पांघरविली आहे, हेही विसरू नये.

तर मग आपण काय करावे? प्रत्येकाने प्लॅस्टिक फेकून देऊन घोंगडीच घ्यावी, असे सांगण्याइतके आम्ही अव्यवहारी नाही. मुसळधार पावसात सायकलवरून शाळेला येणाऱ्या मुलास मेणकापडच सोयीचे. परंतु ज्या घरी थंडीचे पांघरूण घ्यावयाचेच आहे, त्या घराने दोन स्वस्त पांघरुणांऐवजी एक खरी घोंगडी घेऊन पाहावी. ती दोघांहून अधिक वर्षे चालेल, आणि तिचा पैसा मेंढपाळ, सूत कातणारी बाई व विणकर यांच्या घरी जाईल. विद्यार्थ्यांनी येत्या पौषात म्हशाच्या यात्रेत विणकराशी दोन शब्द बोलावे, त्याचे गाव विचारावे, माग कसा चालतो ते विचारावे. चांगला प्रश्न विचारणाऱ्या मुलास कारागीर क्वचितच रिकाम्या हाताने परत पाठवितो. आणि ज्यांच्या घरी आजोबांची जुनी घोंगडी माळ्यावर पडून आहे, त्यांनी ती या सुट्टीत खाली काढावी, झटकून उन्हात टाकावी, तिची वीण व तिचे काठ न्याहाळावे, आणि खोळ कशी घ्यावी हे घरातील वडील माणसांकडून एकदा शिकून घ्यावे. ते सांगणारी माणसे आपल्या घरांत अद्याप आहेत. हे शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेले नाही, आणि त्यासाठी आणखी फार वर्षे मिळतील असा भरवसा धरून हेही घोंगडे भिजत ठेवू नये.